काजव्यांचे झाड आणि ‘एकच फ्रेम’ : उन्हाळी छायाचित्रांच्या वादाची पार्श्वभूमी

मे महिन्याची सुट्टी संपत आली आणि भंडारदऱ्याच्या परिसरात वळवाचे दोन-तीन शिडकावे होऊन गेले, की हौशी छायाचित्रकारांच्या उन्हाळी आणि प्रवासी चित्रांत एक ठरावीक चित्र हमखास दिसू लागते. गडद निळ्या आकाशासमोर एखादा सादडा किंवा हिरडा उभा असतो आणि त्याच्या फांद्याफांद्यांवर हजारो पिवळसर हिरवे ठिपके विखुरलेले असतात. ते पाहून पुढच्याच शनिवारी कुणी घाटघरची वाट धरतो, अंधारात तासभर उभा राहतो आणि ‘फोटोत होते त्याच्या पावपटही काजवे नव्हते’ अशी तक्रार घेऊन घरी येतो. अनेक फ्रेम एकमेकांवर ठेवून केलेले असे चित्र प्रामाणिक मानावे की नाही, हा या तक्रारीतून उभा राहिलेला वाद दरवर्षी नव्याने पेटत असला, तरी त्याचे मूळ काजव्यांच्या चित्रांपेक्षा बरेच जुने आहे.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे फ्रान्समध्ये या तंत्राची जाहीर घोषणा झाल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी. मात्र तो उद्योग साहेबलोकांचा आणि त्यांच्या बरोबरीने वावरणाऱ्या मोजक्या धनिकांचा होता. १८८८ साली शंभर चित्रांची फिल्म आधीच भरून विकला जाणारा हातकॅमेरा अमेरिकेत आला आणि छायाचित्रण हा फावल्या वेळचा छंद होऊ शकतो हे जगाला उमगले. मराठी मध्यमवर्गाच्या घरात कॅमेरा पोहोचायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

तो पोहोचला तो मुख्यतः साध्या डबा कॅमेऱ्याच्या रूपाने, आणि अनेक घरांत तो ‘क्लिक थ्री’ होता. १२० क्रमांकाच्या एका रोलवर सहा सेंटिमीटरची बारा चौकोनी चित्रे निघत. साठच्या दशकात उटीला सरकारी फिल्म कारखाना उभा राहिल्यावर ‘इंदू’ हा देशी कृष्णधवल रोलही बाजारात आला. या कॅमेऱ्यांत शटरचा वेग जवळजवळ ठरलेला असे, भिंग फारसे उघडत नसे आणि फिल्मही मंद असे, त्यामुळे लख्ख ऊन हीच चांगल्या चित्राची पहिली अट होती. कॅमेरा बाहेर निघे तो मे महिन्यात, आजोळच्या अंगणात, माथेरानच्या पॉइंटांवर किंवा महाबळेश्वरच्या घोड्यांपाशी, आणि त्यामागे सुट्टीइतकाच उजेडाचाही हिशेब होता. ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा दुकानदाराचा सल्ला सगळे निमूटपणे पाळत. त्या काळच्या आल्बमांत सगळी मंडळी डोळे बारीक करून उभी दिसतात, त्याचे कारण एवढेच.

हे आल्बम हेच चित्रे दाखवण्याचे मुख्य साधन होते. काळ्या पुठ्ठ्याची पाने, चारही कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी कोन आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलेले ठिकाण व साल, असा त्याचा साज असे. पाहुणे आले की आल्बम मांडीवर घेतला जाई आणि दाखवणारा पानागणिक बोलत असे. हलल्यामुळे पुसट झालेले चित्रही त्यात राही, कारण बारांतले एक टाकून देणे परवडत नसे आणि ते का हलले याचा किस्सा सांगता येई.

ऐंशीच्या दशकात रंगीत प्रिंट काढून देणाऱ्या लॅब शहरोशहरी निघाल्या, पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले आणि बाराचे छत्तीस झाले. ‘छत्तीसचा रोल’ हा सहलीच्या हिशेबाचा एकक बनला. आठ दिवसांच्या केरळ सहलीला दोन रोल, त्यातले चार फोटो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायचे, आणि नशीब बलवत्तर असेल तर सदतिसावा फोटोही निघायचा. रोल धुऊन येईपर्यंत काय मिळाले ते कळत नसे, आणि कधीकधी काहीच मिळालेले नसे. प्रस्तुत लेखकाने एका मे महिन्यात हरिहरेश्वर ते गुहागर असा सारा किनारा पालथा घालून छत्तीस वेळा बटण दाबले. फिल्मचे टोक गुंडाळीच्या दात्यात अडकलेच नव्हते, तरी आकडा मात्र इमानेइतबारे पुढे सरकत होता. खटका ओढताना डावीकडची उलट गुंडाळायची चकती फिरते आहे ना, एवढे पाहिले असते तर ते पहिल्याच फोटोला कळले असते. लॅबवाल्याने पट्टी उजेडात धरून दाखवली तेव्हा ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत काचेसारखी कोरी होती.

याच काळात गंभीर हौशी मंडळी पारदर्शिकांकडे, म्हणजे स्लाइडकडे वळली. हिमालयातील पदभ्रमण किंवा लडाखची उन्हाळी मोहीम करून आलेला छायाचित्रकार शाळेच्या सभागृहात पडदा लावून ऐंशी स्लाइडची चकती प्रोजेक्टरवर चढवी आणि अंधारात दीड तास बोलत असे. स्लाइडवर प्रिंट काढणाऱ्याची मेहरबानी नव्हती, कारण जे फिल्मवर उमटले तेच पडद्यावर दिसे. पुढे ज्या पिढीने ‘एकच फ्रेम, एकच क्षण’ हा आग्रह धरला, तिचे शिक्षण या पडद्यासमोर झाले होते हे ध्यानात घ्यावे लागते. अर्थात तो क्षण नेहमीच लहान असे, असे नाही. शटर ‘बी’वर ठेवून, केबलने अर्धा-पाऊण तास उघडे धरून ध्रुवताऱ्याभोवतीची ताऱ्यांची वर्तुळे एकाच चौकटीत टिपणारेही त्याच पिढीतले होते आणि त्यांच्या स्लाइडला टाळ्या पडत.

सन २००३ आणि २००४ या दोन वर्षांत सहा मेगापिक्सेलचे, हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागलेले डिजिटल एसएलआर बाजारात आले, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लिकर हे छायाचित्रे मांडण्याचे संकेतस्थळ सुरू झाले. या योगायोगाने चित्रे दाखवण्याची रीतच बदलली. आल्बमातील चित्र शेजारच्या चित्राच्या आधाराने उभे असे, तर संगणकाच्या पडद्यावरचे चित्र एकटेच उभे राहू लागले. मराठीत ‘छायाचित्र’ की ‘प्रकाशचित्र’ हा जुना शब्दवाद याच सुमारास पुन्हा उकरला गेला आणि ‘प्रचि’ हे लघुरूप हौशी मंडळींत रूढ झाले. चित्राखाली शटरचा वेग, छिद्र (भिंग किती उघडले ते) आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद किती तीव्र ते) यांचे आकडे आपोआप दिसू लागले, ही या काळाची खरी देणगी म्हणावी लागेल, कारण चित्र कसे काढले हे लपवणे काही वर्षांपुरते अवघड झाले होते. २०१० साली इन्स्टाग्राम आले. २०१५ पर्यंत त्यात सारी चित्रे चौकोनीच लागत, म्हणजे क्लिक थ्रीचा आकार परतला, पण आकडे गेले. व्हॉट्सअॅपवर तर चित्र लहान होऊनच पोहोचते आणि त्यासोबत आकड्यांची माहितीही गळते.

काजव्यांचे झाड अवतरले ते याच टप्प्यावर. डिजिटल संवेदक, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग, फार वेळ उघडा ठेवला की तापतो आणि चित्रात रंगीत कणी पडते, म्हणून चाळीस मिनिटांचा एक फोटो काढण्याऐवजी तीस सेकंदांचे ऐंशी फोटो काढून ते नंतर संगणकावर एकमेकांवर ठेवणे सोयीचे ठरले. यालाच स्टॅकिंग म्हणतात. प्रत्यक्षातली पद्धत अशी : संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, झाडाची बाह्यरेषा दिसण्याइतका उजेड असताना, तिकाटण्यावरून पहिली फ्रेम घ्यायची. मग कॅमेऱ्याला हात न लावता पूर्ण अंधार होऊ द्यायचा, छिद्र २.८, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवायचा आणि केबलला कुलूप लावून स्वस्थ बसायचे. घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये सर्व फ्रेम ‘लाइटन’ या रीतीने मिसळायच्या, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी ऐंशीपैकी सर्वांत उजळ असलेली नोंद तेवढी टिकते. एक काजवा उडत उडत वीस वेळा चमकला तर चित्रात वीस ठिपके उमटतात. ठिपक्यांची संख्या म्हणजे किड्यांची संख्या नव्हे, हे काढणाऱ्याला ठाऊक असते, पाहणाऱ्याला नसते.

येथून पुढचा सारा गोंधळ ‘एडिट केलेला’ या एका शब्दाने घातला आहे. आपल्याकडे कडा कापलेला फोटो एडिट केलेला असतो, सावल्या थोड्या उजळलेला फोटो एडिट केलेला असतो आणि कळसूबाईच्या माथ्यावर दुसऱ्या रात्रीचा चंद्र आणून बसवलेला फोटोही एडिट केलेलाच असतो. स्टॅक करणाऱ्यांचे म्हणणे असे, की आम्ही काहीही बाहेरून आणलेले नाही, ‘बी’वर उघडे धरलेले शटर तेवढे तुकड्यांत उघडले, आणि तीस सेकंदांच्या एकाच फ्रेममध्येही एक काजवा अनेकदा चमकतोच, मग तीस सेकंद प्रामाणिक आणि चाळीस मिनिटे अप्रामाणिक ही रेघ कुणी आखली? यात तथ्य आहे. विरोधकांचे उत्तर असे, की संध्याकाळची ती पहिली निळसर फ्रेम आणि रात्री नऊचे काजवे हे माणसाच्या डोळ्याला एकत्र कधीच दिसत नाहीत, आणि ‘बी’वरच्या ताऱ्यांची वर्तुळे पाहून आकाशात वर्तुळे असतात असे कुणी समजत नाही, पण ठिपक्यांनी लगडलेले झाड पाहून तसे झाड असते असे लोक समजतात. यातही तथ्य आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते अधिक आहे.

स्पर्धांच्या नियमांनी हा प्रश्न सोडवण्याऐवजी लांबवला. निसर्ग छायाचित्राची एक सामाईक व्याख्या २०१४ साली तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ठरवली आणि तिच्या आधारे आपल्याकडच्या अनेक हौशी स्पर्धांनीही आपले नियम बेतले. त्या व्याख्येत चित्रातील घटक वाढवणे, हलवणे किंवा काढून टाकणे निषिद्ध ठरले. वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करणे आणि एचडीआर, म्हणजे कमी-अधिक उजेडाच्या फ्रेम मिसळणे, यांना मुभा मिळाली. शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेले विस्तृत दृश्य मात्र नाकारले गेले. म्हणजे एकाच फुलाचे वीस फोटो एकमेकांवर ठेवले तर ते एक चित्र, पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे तीन फोटो शेजारी ठेवले तर ते चित्र बाद, असा काहीसा विचित्र निवाडा झाला. काळाच्या अक्षावर रचलेल्या, म्हणजे एकामागून एक घेऊन एकमेकांवर ठेवलेल्या फ्रेमचे काय, हे मोकळेच राहिले. ही फट प्रत्येक परीक्षकाने आपापल्या परीने बुजवली, आणि त्यामुळे एकाच झाडाचे एकच चित्र एके ठिकाणी पारितोषिक मिळवी आणि दुसरीकडे पहिल्याच चाळणीत गळे.

या पार्श्वभूमीवर २०२३ सालचा एक निकाल महत्त्वाचा ठरला. लंडनमधील एका नामांकित वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत तमिळनाडूतील अनामलाईच्या जंगलातील काजव्यांच्या चित्राला एका विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. १९ सेकंदांची ५० एक्सपोझर (शटर एकदा उघडून घेतलेल्या फ्रेम) एकत्र करून सुमारे १६ मिनिटांचे चमकणे त्यात दाखवले आहे, हे चित्रासोबत स्पष्ट नोंदवलेले होते. स्टॅकवाल्यांनी या निकालाचा आधार घेतला आणि विरोधकांनी त्याच नोंदीचा. ही नोंद लिहिण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती रुजलेली नाही. ‘भंडारदरा, जून’ एवढ्यावर भागवले जाते, आणि ऐंशी फ्रेम असे लिहिणाऱ्याच्या चित्रापेक्षा काहीच न लिहिणाऱ्याचे चित्र अधिक फिरते.

या चित्रांचा परिणाम प्रत्यक्ष जागेवरही झाला. काजव्यांचा काळ मेच्या मध्यापासून पाऊस नीट बसेपर्यंत, म्हणजे जेमतेम महिनाभराचा, आणि त्यांचे चमकणे हा मीलनासाठी दिलेला इशारा. शेंडी, मुतखेल, पांजरे या वाटेवर शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागू लागली आणि प्रखर दिव्यांचे झोत झाडांवरून फिरू लागले, तेव्हा अंधारातला हा संवाद बिघडतो अशी तक्रार अभ्यासकांनी केली. अभयारण्यात विजेऱ्या, फ्लॅश आणि रात्रीच्या वावरावर बंधने आली, ती आवश्यकच होती. त्यांचा अनपेक्षित फटका असा, की चाळीस मिनिटे अंधारात हालचाल न करता बसणारा छायाचित्रकारही त्याच नियमांत अडकला. त्याच्या शेजारी कुणी मोबाइल पेटवला तर त्याच्या दहा-बारा फ्रेम वाया जातात, त्यामुळे दिवे बंद असावेत ही खरे तर सर्वांत आधी त्याचीच गरज होती.

दरम्यान, स्पर्धांमध्ये ‘एकच एक्सपोझर’ असा वेगळा विभाग ठेवण्याची पळवाट निघाली आहे आणि त्यात मोबाइलने काढलेली चित्रेही स्वीकारली जातात. २०१८ च्या सुमारास मोबाइलमध्ये आलेली रात्रीच्या चित्रांची सोय बटण एकदाच दाबायला लावते, ‘स्थिर धरा’ असे सांगते आणि त्या काही सेकंदांत अनेक फ्रेम घेऊन, त्या एकमेकांवर बसवून एक चित्र हाती देते. अशा फ्रेम किती होत्या, हे काढणाऱ्यालाही कळत नाही, आणि प्रवेशपत्रावरील ‘फ्रेमची संख्या’ या रकान्यात तो निःशंक मनाने १ असे लिहितो.