बाईंचा घसा

जून संपत आला आणि मावशीचा फोन आला की पलीकडून आधी नुसतं खाकरणं ऐकू येतं. कोकणातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत ती तिसरी-चौथी एकत्र सांभाळते. डोक्यावर पत्रा. पावसाने जोर धरला की वर्गात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि आठवड्याभरात तिचा घसा बसतो. मग ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-मिठाच्या गुळण्या. "बाईंचा घसा बसायचाच," असं म्हणून ती विषय संपवते.

मागच्या पावसाळ्यात मी त्या वर्गात शेवटच्या रांगेत बसलो होतो. भागाकार चालला होता. पावसाची सर आली, पत्रा वाजू लागला, तसा मावशीचा आवाज चढत गेला. मग सर एकदम थांबली, आणि त्या शांततेत मावशी जिवाच्या आकांताने ओरडली, "बाकी किती उरली?" पोरं खोखो हसली. आपण ओरडतोय याचा तिला पत्ताच नव्हता.

या प्रकाराला नाव आहे, लोंबार्ड परिणाम. एतिएन लोंबार्ड हे फ्रान्सचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे त्यांनी 1911 मध्ये मांडलं. बहिरेपणाचं सोंग घेणारे पकडायलाही ही युक्ती वापरली जाई: खरोखर बहिऱ्याचा आवाज चढत नाही, सोंगाड्याचा चढतो. आवाजाचं हे चढणं ठरवून होत नाही, म्हणून "जरा हळू बोला" हा सल्ला भर वर्गात टिकत नाही. तास चालू असताना आजूबाजूचा आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं आहे. पत्र्याखाली, पावसात, शेजारच्या वर्गात पाढे चालू असताना हा आकडा कुणी मोजायलाही जाऊ नये.

आता घशात काय होतं ते पाहू. स्वररज्जू या शब्दाने थोडी फसगत होते. रज्जू म्हणजे दोरी, पण त्या दोऱ्या नाहीतच. श्वासनलिकेच्या तोंडाशी समोरासमोर असलेल्या, जेमतेम नखाएवढ्या लांबीच्या दोन ओल्या, मऊ घड्या आहेत त्या. खालून हवा आली की त्या एकमेकींवर आपटतात आणि सुटतात. साध्या बोलण्यात बाईच्या घड्या सेकंदाला साधारण 200 वेळा आपटतात, पुरुषाच्या साधारण 120 वेळा. आवाज चढवला की हा वेग वाढतो आणि आपटणंही जोरात होतं.

हिशेब करून बघा. पाच तासांच्या शाळेत सगळा वेळ काही कंठातून आवाज निघत नाही. श्वास, विराम, फळ्यावरचं लिहिणं वजा करून पाऊण हिस्सा सोडून देऊ. उरली 75 मिनिटं, म्हणजे 4,500 सेकंद. वर्गातल्या चढ्या आवाजाला सेकंदाला 250 कंपनं धरली तर दिवसाला 11 लाख 25 हजार टकरा. सर्वाधिक मार बसतो तो घड्यांच्या साधारण मध्यावर, आणि वर्षानुवर्षांच्या अतिवापराने गाठी होतात त्याही तिथेच. या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि बहुतेक वेळा आवाजाच्या उपचारानेच जिरतात. पण आवाज तीन-चार आठवडे घोगराच राहिला तर ज्येष्ठमध चघळत बसू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावं.

स्वरयंत्र पाहण्याची सोय झाली तीही एका शिक्षकामुळे. मान्युएल गार्सिया हे गाणं शिकवायचे. 1854 मध्ये पॅरिसला त्यांनी दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वररज्जू हलताना पाहिले.

मावशीच्या "बसायचाच" या शब्दाला आकड्यांचा आधार आहे, हे मात्र कबूल करायला हवं. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक निघाले 57.7 टक्के, इतर लोक 28.8 टक्के. जवळजवळ दुप्पट.

गुळण्यांचं काय? गुळणीचं पाणी स्वररज्जूंपर्यंत पोचतच नाही. पोचलं तर ठसका लागेल, कारण ती हवेची वाट आहे. घसा शेकल्यासारखा वाटतो, तेवढंच. प्यायलेलं पाणीही थेट तिथे जात नाही, ते शरीरभर फिरून आतून ओलावा देतं. म्हणून तास सुरू होण्याआधी पेलाभर पिण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं प्यावं. हे सांगणं सोपं आहे. जिथे बाईंसाठी धड स्वच्छतागृह नाही, तिथे त्या सकाळपासून मोजूनमापून पाणी पितात, आणि त्याची किंमतही घसाच मोजतो.

याच रॉय यांच्या गटाने आवाज बिघडलेल्या काही शिक्षकांना कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, तर काहींना आवाजाची काळजी कशी घ्यावी याचे नुसते धडे. ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांच्या आवाजात स्पष्ट सुधारणा दिसली, नुसत्या धड्यांनी तशी दिसली नाही. मी मावशीला तसा माइक नेऊन दिला. तिने एक दिवस लावला. "भंगारवाल्यासारखी दिसते," म्हणाली. पाऊस फारच झाला तर आता मुकाट्याने लावते.

माझ्या मते याहून मोठी गोष्ट आहे ती गप्प बसण्याची. मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक. वर्गांच्या ध्वनिफिती ऐकताना त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं कित्येक पटींनी लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलतात. मुलाचं बोलून झाल्यावरही तीन सेकंद थांबलं तर ते स्वतःहून पुढचं काही जोडतं. हे निष्कर्ष 1970 च्या दशकातले. रो यांना घशाशी काही देणंघेणं नव्हतं, पण बाई थांबल्या की त्यांचे स्वररज्जूही थांबतात.

मावशीला हे सांगितलं तर ती फणकारली. "मी चांगली चार-पाच सेकंद थांबते." मग एक दिवस तिने मोबाइल टेबलावर ठेवून आपलाच तास रेकॉर्ड केला. संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही दोघांनी तो ऐकला, माझ्या हातात घड्याळ. "सांगा, सव्वीसला चाराने भागलं तर बाकी किती? दोन! शाब्बास." शाब्बास कुणाला, ते रेकॉर्डिंगमध्ये सापडलं नाही.

आता प्रश्न विचारला की ती उजव्या हाताच्या बोटांनी साडीच्या निरीवर मोजते. परवा फोनवर म्हणाली, तिसरं बोट काही केल्या येत नाही रे, दुसऱ्यालाच जीव घाबरा होतो.