छापताना गुलाल फिका का पडतो?

लालबागच्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो मोबाइलवर बघा आणि मग तेच फोटो मंडळाच्या अहवालात छापलेले बघा. गुलालाचा डोळ्यांत भरणारा गुलाबी कागदावर मळकट होऊन बसलेला असतो. शिव्या खातो तो प्रेसवाला. कधी कधी त्या रास्तही असतात, पण बऱ्याचदा फाइल लोअर परळच्या गाळ्यातल्या छापखान्यात पोचण्याआधीच निकाल लागलेला असतो.

मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा स्वतः उजळतो. लाल, हिरव्या आणि निळ्या (आरजीबी) प्रकाशाच्या बेरजेतून तो रंग दाखवतो. कागदाचं उलट आहे. त्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्याला दिसतो. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांतून (सीएमवायके) निघणाऱ्या रंगांचा पसारा पडद्यापेक्षा बराच लहान असतो. भडक केशरी झेंडू, एलईडीची हिरवी रोषणाई, गडद निळी ताडपत्री यांच्या काही छटा त्यात मावतच नाहीत. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसमध्ये एकेका चित्रासाठी छपाईच्या कितीतरी दगडी शिळा वापरत, एका शाईला एक. आजच्या नेहमीच्या ऑफसेट छपाईला चार प्लेटांत भागवावं लागतं. गुलालात फ्लुरोसंट रंग असेल तर चार शायांकडून आशाच नको. मुखपृष्ठावर पाचवी फ्लुरोसंट शाई लावता येते, खजिनदार तयार असेल तर.

आता प्रोफाइल. फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात, आणि नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. शंभर म्हटल्यावर रुपये की डॉलर, हे सांगावं लागतं. प्रोफाइल ते सांगते. १९९६ साली पुढे आलेला एसआरजीबी आणि १९९८चा अ‍ॅडोबी आरजीबी या दोन प्रोफाइलींत '०, २५५, ०' (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) हा हिरवा एकच नाही. अ‍ॅडोबीचा जास्त भडक आहे. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवून काढलेल्या फोटोतली प्रोफाइल वाटेत गळाली, तर पुढचं मशीन तो एसआरजीबी समजतं आणि अख्खा अल्बम उतरलेल्या चेहऱ्यांचा होतो. फोटोशॉपमधल्या 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' या दोन आज्ञांचा घोळ इथलाच. असाइन म्हणजे शंभर रुपयांवर डॉलरची चिठ्ठी चिकटवणं, कन्व्हर्ट म्हणजे चालू दराने पैसे बदलून घेणं. छपाईसाठी जवळपास नेहमी कन्व्हर्टच हवं असतं.

या अदलाबदलीचे नियम एकसारखे असावेत म्हणून १९९३ मध्ये काही कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. प्रत्येक यंत्राचे आकडे आधी माणसाच्या नजरेवर बेतलेल्या एका मधल्या मापात आणायचे आणि तिथून दुसऱ्या यंत्राच्या भाषेत न्यायचे, अशी ती रीत.

पण न मावणाऱ्या रंगाचं काय करायचं? 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' पद्धत मावणारे रंग जसेच्या तसे ठेवते आणि बाहेरचे काठावर आणून टाकते. गुलालाच्या ढगातल्या पाच-सहा गुलाबी छटा मग एकाच सपाट डागात जमा होतात. 'पर्सेप्च्युअल' सगळ्या चित्राचेच रंग थोडे आवळते; भडकपणा घटतो, पण छटांमधला चढउतार टिकतो. माझं मत विचाराल तर मिरवणुकीला दुसरी आणि चेहऱ्यांच्या साध्या फोटोंना पहिली.

कोणत्या सीएमवायके प्रोफाइलमध्ये न्यायचं, हे प्रेसला विचारल्याशिवाय ठरवू नये. फोटोशॉपमध्ये बहुधा अमेरिकी 'स्वॉप' निवडलेली असते आणि आपण ती तशीच राहू देतो. तिच्यात शुद्ध निळा साधारण ८८ टक्के सायन आणि ७७ टक्के मॅजेंटा होतो, म्हणजे कागदावर सरळ जांभळा. आर्ट पेपरसाठीच्या 'फोग्रा ३९' या प्रोफाइलमध्ये एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज ३३०पर्यंत जाते; वृत्तपत्राच्या कागदाला २४०च्या आसपास थांबावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात हा आकडा विशेष सांभाळावा. दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. कागदही ओल धरून ताणला जातो, मग चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. त्यावर कुठल्याच प्रोफाइलकडे इलाज नाही.

म्हणून मूळ फाइल आरजीबीतच ठेवावी आणि कागद ठरल्यावर अगदी शेवटी बदलावी. त्याआधी फोटोशॉपमध्ये प्रेसची प्रोफाइल निवडून 'प्रूफ कलर्स' लावून छपाई कशी दिसेल ते पडद्यावरच बघावं. मावत नसलेले रंग 'गॅमट वॉर्निंग' राखाडी करून दाखवतं. पडदा कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्याचे रंग मोजून जुळवलेले, नसेल तर हे बघणं फुकट, आणि ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असेल तर छापील फोटो काळपट वाटणारच.

छापील प्रूफवर, म्हणजे नमुन्याच्या प्रतीवर, सही करताना दिवा बघून घ्या. छपाई तपासायला ५००० केल्विनचा प्रमाण प्रकाश मानतात. तशी सोय गाळ्यात नसेल तर प्रूफ खिडकीपाशी न्यावं, थेट उन्हात नाही. पिवळ्या बल्बखाली बरोबर वाटलेली त्वचा तिथे हिरवट निघू शकते, आणि तेव्हा प्लेट बदलण्याचा खर्च अजून झालेला नसतो.