एबीएस म्हणजे एईबी नव्हे

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी नवी गाडी घेतली की पेढे येतात आणि पाठोपाठ वाक्य येतं, "एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) आहे हो, समोर काही आलं की गाडी आपोआप थांबते." परवा तर एका शोरूममधला विक्रेता आमच्या शेजाऱ्यांना हेच सांगत होता. गाडी आपोआप थांबवते ती एईबी, म्हणजे ऑटोनॉमस इमर्जन्सी ब्रेकिंग. अक्षरांत फरक थोडा आहे, पण या घोटाळ्यात माणूस ब्रेकवर पाय ठेवायचाच विसरेल, अशी मला खरी भीती वाटते.

एबीएस बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक व्हायला (फिरायचं थांबून घसरायला) लागलं की त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा. हे सेकंदात अनेकदा. चाक फिरतं राहतं, म्हणून स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते. बॉश या जर्मन कंपनीने १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही यंत्रणा आणली आणि आपल्याकडे एप्रिल २०१९पासून नव्या कारना ती सक्तीची आहे. 'गाडी लवकर थांबावी' हा तिचा मुख्य हेतू नाही. सुट्ट्या खडीवर तर एबीएसमुळे थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं.

माझ्या बहिणीला मी पहिल्या पावसात एका रिकाम्या रस्त्यावर नेलं आणि ताशी ४० वर पूर्ण जोर लावून ब्रेक मारायला सांगितलं. पायाखाली पेडल थरथरलं, खालून कडकड आवाज आला आणि तिने घाबरून पाय उचलला. तिला वाटलं, काहीतरी तुटलं. ती थरथर म्हणजेच एबीएसचं काम चालू असल्याची खूण. तेव्हा पाय दाबूनच ठेवायचा. 'ब्रेक पंप करत मार' हा जुन्या उस्तादांचा सल्ला एबीएसच्या गाडीत चुकीचा आहे. तो अजून दिला जातो याचा मला मनापासून राग येतो.

आता खरा फरक. ब्रेक मारायचा, हे ठरवतं कोण? एबीएसमध्ये तुम्ही. पाय पेडलवर गेलाच नाही, तर ती गप्प बसते. एईबीमध्ये गाडी ठरवते. पुढचा रडार आणि काचेमागचा कॅमेरा समोरच्या वस्तूचं अंतर आणि ते किती वेगाने कमी होतंय हे सतत मोजतात. अंतराला त्या वेगाने भागलं की टक्कर व्हायला किती सेकंद उरले ते कळतं. आधी आवाज आणि दिवा, मग बऱ्याच गाड्यांत हलका ब्रेक, आणि तरी तुम्ही काहीच केलं नाहीत तर पूर्ण ब्रेक.

गोंधळ होण्याचं एक कारणही इथेच आहे. एईबीला स्वतःचे वेगळे ब्रेक नसतात. ती हुकूम देते, ब्रेकचा दाब तयार होतो, आणि चाकं लॉक होऊ नयेत हे शेवटी एबीएसच पाहते. म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा एबीएसच्या खांद्यावर उभी आहे, पण दोन्ही एक नव्हेत.

दुसरा गैरसमज याहून घातक: एईबी असली म्हणजे टक्कर होणारच नाही. जरा हिशेब करू. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेकने वेग दर सेकंदाला ताशी २५ किमीने उतरतो असं धरू, आणि समोर उभ्या असलेल्या गाडीसाठी एईबीने टकरीच्या एक सेकंद आधी पूर्ण ब्रेक मारला असं समजू. ताशी ३० वर तुमच्याकडे आठ मीटर असतात, थांबायला पाच लागतात. वाचलात. ताशी ६० वर सतरा मीटर असतात आणि लागतात वीस. म्हणजे साधारण ताशी २४ने आदळाल. रस्ता ओला असून वेग ताशी १६नेच उतरत असेल, तर ४१ने. अटल सेतूवर १०० च्या वेगात असाल, तर कोरड्यातही ७१ ने. व्होल्वोने २००८ मध्ये एक्ससी६० सोबत आणलेली सिटी सेफ्टी ही एईबी ताशी ३० पर्यंतच काम करायची, त्यात नवल नाही. आताच्या यंत्रणा पुष्कळ पुढे गेल्या आहेत, पण वेग वाढला की अंतर वर्गाने वाढतं हे गणित बदललेलं नाही. तरीही ६० ऐवजी २४ने आदळणं म्हणजे टकरीची ऊर्जा जवळपास सहापट कमी.

मग आधीच का नाही मारत ब्रेक? ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ऐरोलीच्या फाट्याशी पाच मिनिटं उभे राहा. रिक्षा तिरकी घुसते, दुचाकी दोन गाड्यांमधून निघते, आणि नव्वद टक्के वेळा कुणीतरी शेवटच्या क्षणी वळून सुटतं. दर वेळी गाडी करकचून थांबली तर मागची बस डिकीत शिरेल. म्हणून एईबी मुद्दाम उशिरा मारते. शिवाय रिक्षा ओळखायला कॅमेऱ्याला शिकवावं लागतं. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलबरोबर भारतीय रस्त्यांच्या चित्रांचा संग्रह केला, तेव्हा रिक्षा हा वेगळा वर्गच ठेवला, तो यासाठी.

माझं मत विचाराल तर आधी ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि चांगले टायर, मग एईबी, आणि सनरूफ सगळ्यात शेवटी. एईबी घेतलीत तर तिचा 'टूं टूं' आवाज वैतागून बंद करू नका. समोरची काच बदलावी लागली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (कोन पुन्हा अचूक जुळवणं) करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. गल्लीतल्या काचवाल्याकडे ते यंत्र बहुधा नसतं, आणि कॅमेरा अंशभर जरी तिरका बसला तरी पन्नास मीटरवरची गाडी त्याला शेजारच्या लेनकडे सरकलेली दिसते.