व्हिक्टोरियन कादंबरीतील पुरुषी स्त्रीपात्रे

राणी व्हिक्टोरियाच्या काळातील (१८३७–१९०१) इंग्रजी कादंबरीत धाडस, व्यवहारज्ञान, हुकमत किंवा थेट पुरुषी चेहरेपट्टी लाभलेल्या स्त्रीपात्रांची एक ठसठशीत परंपरा आहे. त्या काळचा आदर्श घर सांभाळणाऱ्या, सोशिक ‘गृहदेवते’चा. १८७० आणि १८८२ चे मालमत्ता कायदे होईपर्यंत इंग्लंडमध्ये बायकोची मिळकतही नवऱ्याचीच ठरत असे. त्यामुळे असे गुण लेखक बहुधा अविवाहित, विधवा किंवा वारसदार स्त्रीलाच देतो, आणि लग्न ठरले की बरेचसे काढूनही घेतो.

शार्लट ब्राँटेच्या ‘शर्ली’ची (१८४९) नायिका यॉर्कशायरमधील जमीनदारीण. मुलगा होईल या आशेने ठरवलेले नाव आई-वडिलांनी तिलाच दिले. शर्ली हे तेव्हा पुरुषाचे नाव होते, ते मुलींचे झाले ते या कादंबरीनंतर. ती स्वतःला ‘कॅप्टन’ म्हणवते आणि गिरणीवर हल्ला होतो त्या रात्री पिस्तुले जवळ बाळगते. शेवटी मात्र लग्नाचा दिवस लांबवत, पिंजऱ्यातल्या जनावरासारखी झुरते.

सर्वांत गाजलेले उदाहरण विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’मधील (१८५९–६०) मॅरियन हॅलकम. चित्रकला शिक्षक वॉल्टर हार्टराइट तिला प्रथम पाठमोरी पाहतो. कॉर्सेटने न आवळलेला तिचा बांधा पाहून तो भारावतो. ती वळते तेव्हा दिसतो सावळा चेहरा, भरभक्कम जबडा आणि वरच्या ओठावर जवळजवळ मिशीच म्हणावी अशी लव. तो हबकतो. पुढे खलनायकांचे खलबत ऐकण्यासाठी ती रेशमी झगा आणि पांढरे परकर उतरवते, गडद प्रवासी डगला पांघरते आणि व्हरांड्याच्या छपरावर उतरते. या वेशात अरुंद जागेतून पुरुषालाही इतक्या सहज जाता आले नसते, हे ती स्वतःच नोंदवते. पावसात भिजून ती तापाने अंथरुणाला खिळते. तेवढ्यात काउंट फॉस्को तिची रोजनिशी वाचतो आणि तिच्यातच तिची तारीफ लिहून ठेवतो. तिची खरी योग्यता ओळखणारा हा खलनायक असावा, हा कॉलिन्सचा खट्याळपणा. वॉल्टर लग्न मात्र तिच्या नाजूक, गोऱ्या सावत्र बहिणीशी, लॉराशी करतो. मॅरियन त्या जोडप्याच्या घरी राहते.

डिकन्सकडे हा प्रकार बराचसा विनोदी आहे. हार्डीच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मधील (१८७४) बाथशेबा एव्हरडीन चोर कारभाऱ्याला हाकलून शेती स्वतः पाहते, धान्यबाजारात पुरुषांच्या गर्दीत एकटी भाव करते. सारा ग्रँडच्या ‘द हेवनली ट्विन्स’मध्ये (१८९३) तर विवाहित अँजेलिका पुरुषवेशात रात्री हिंडते, स्वतंत्र बाण्याच्या ‘नव्या स्त्री’चा वाद तेव्हा ऐन भरात यायचा होता.

‘ड्रॅक्युला’तील (१८९७) मिना हार्करला पुरुषाचा मेंदू आहे, असे प्रा. व्हॅन हेल्सिंग कौतुकाने म्हणतो, आणि लगेच पुरुषमंडळी तिला मसलतीतून वगळतात. नेमकी हीच संधी साधून ड्रॅक्युला तिला गाठतो. पुढे तो कोणत्या नदीने पळतोय, याचा तर्क अखेर मिनाच कागदावर मांडून देते.