कानांनी मोजलेला वेग

मोटार शर्यतीला शाळेची सहल न्यायची म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: यात विज्ञान कुठलं? माझं सांगणं असं, की कोण जिंकतंय ते थोडा वेळ विसरा आणि मुलांना सरळ रस्त्याच्या कुंपणापाशी डोळे मिटून उभं करा. कानात बोळे मात्र हवेतच. हा आवाज कानांना कायमची इजा करू शकतो.

गाडी येताना आवाज चिरका, टिपेला पोचलेला. समोरून गेली रे गेली, की तोच आवाज झर्रकन खाली उतरतो. चालकाने काहीही बदललेलं नसतं. येणारी गाडी स्वतःच्याच आवाजाच्या मागे धावत असते, म्हणून पुढच्या ध्वनिलहरी दाटीवाटीने कानावर येतात; गाडीच्या मागे त्या विरळ होतात. ही कल्पना ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडली. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइज बॅलट यांनी आगगाडीवर वादक बसवले, स्वर ओळखणारे जाणकार रुळांच्या कडेला उभे केले आणि ती पडताळून पाहिली. शर्यतीच्या कुंपणाशी मुलं तोच प्रयोग करतात, फक्त कितीतरी जास्त वेगाचा.

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हिशेब केला तर येतानाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला कानावर येणाऱ्या लहरींची संख्या, जातानाच्या साधारण १.६४ पट निघते. गाणं शिकणाऱ्या मुलांना ही उतरण लगेच कळेल: जवळजवळ धैवतावरून थेट षड्जावर!

आता हे उलटं करा. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून वारंवारता दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहा. समजा, येताना ४१० हर्ट्झ आणि जाताना २५० मिळाले. फरक १६०, बेरीज ६६०. फरकाला बेरजेने भागा, ३४३ ने गुणा. उत्तर सेकंदाला ८३ मीटर, म्हणजे गाडीचा वेग. इंजिनाचा मूळ स्वर माहीत असायची गरजच नाही, आणि मला या प्रयोगात सर्वांत आवडतं ते हेच. पथ्यं दोन. दोन्ही आकडे गाडी थोडी लांब असतानाचे घ्यावेत, कारण अगदी समोर असताना ती आपल्याकडे येतही नसते आणि दूरही जात नसते. शिवाय मधेच गिअर बदलला तर ते माप टाकून द्यावं.

मग मुलांना वळणावर न्या. ८०० किलोची गाडी ताशी ३०० वरून १०० वर आली, तर गतिज ऊर्जेचा नववा हिस्साच उरतो. गेलेल्या ऊर्जेत सात-आठ लिटर पाणी उकळीला आलं असतं. थोडी हवेच्या रोधात जाते, बरीचशी ब्रेकमध्ये. संधिप्रकाशात चाकांच्या आत नीट पाहिलं, तर कार्बनच्या ब्रेक-चकत्या केशरी तापलेल्या दिसतात आणि ब्रेकवरचा पाय निघताच ती लाली विझू लागते.