चढण गाडीने, उतरण स्कीवर : वेंगर्नआल्प रेल्वेची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड ही दोन गावे क्लायन शायडेक या २,०६१ मीटर उंचीवरील खिंडीतून जोडणारी वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ साली सुरू झाली, ती आयगर, म्यूंख आणि युंगफ्राऊ ही शिखरे जवळून पाहू इच्छिणाऱ्या उन्हाळी पर्यटकांसाठी. हिवाळ्यात ती बंदच असे.

एवढी खडी चढण साध्या रुळांवरून चढणे शक्य नव्हते. निकलाउस रिगेनबाख यांनी रुळांच्या मधोमध शिडीसारखी पोलादी पट्टी बसवून तिच्यात इंजिनाचे दातेरी चाक गुंतवण्याची पद्धत १८७१ साली रिगी पर्वतावर यशस्वी करून दाखवली होती. तीच येथे वापरली गेली. (आपल्याकडे निलगिरीच्या गाडीला आब्ट पद्धतीची दातेरी पट्टी आहे, माथेरानची गाडी मात्र निव्वळ वळणे घेत चढते.) इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असावे लागते, त्यामुळे खिंडीत पोहोचल्यावर पलीकडे उतरण्यासाठी सहसा गाडी बदलावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश पाहुणे हिवाळ्यातही या मार्गावरील वेंगेन गावी येऊ लागले आणि या रेल्वेला एक अनपेक्षित काम मिळाले. तोवर स्कीइंग म्हणजे काही मिनिटांच्या घसरणीसाठी तासन्‌तास बर्फ तुडवत वर चढणे होते. हिवाळी गाड्यांनी ती पायपीट वाचवली, आणि एकच उतार दिवसातून अनेकदा उतरता येऊ लागला. वेंगेनमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश स्की क्लबचे ‘डाउनहिल ओन्ली’, म्हणजे ‘फक्त उतरण’, हे नावच याची साक्ष देते. वेगाने उतरण्याची शर्यत हा स्वतंत्र खेळ म्हणून रुजण्यात अशा गाड्यांचा वाटा जेवढा सांगितला जातो त्याहून मोठा असावा, असे मला वाटते.

१९३० साली एर्न्स्ट गेर्च यांनी सुरू केलेली लाउबरहॉर्न शर्यत याच उतारांवर होते. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तिचा मार्ग विश्वचषक मालिकेत सर्वांत लांब मानला जातो, आणि एके ठिकाणी तो चक्क या रेल्वेच्या खालून जातो. त्या जागेला आजही ‘वासरस्टाट्सिओन’, म्हणजे पाणी भरण्याचे ठिकाण, असेच म्हणतात. १९१०च्या सुमारास मार्गाचे विद्युतीकरण होण्यापूर्वी वाफेची इंजिने तेथे पाणी घेत.

पुढे केबल कार आल्या. २०२० साली ग्रिंडेलवाल्डहून आयगर हिमनदीच्या स्थानकापर्यंत थेट गोंडोलाही सुरू झाली. वेंगेनला मात्र अजूनही वाहनांचा रस्ता नाही, त्यामुळे तेथील हॉटेलांचे बहुतेक सामान आणि शर्यतीचे प्रेक्षक ही दातेरी गाडीच वर नेते.