इंग्रजी वाक्प्रचारांतील पिसे आणि केस : निरीक्षण खरे, कारण वेगळे

टीकेचा एखाद्या माणसावर काडीचाही परिणाम होत नसेल, तर इंग्रजी भाषक ‘लाइक वॉटर ऑफ अ डक्स बॅक’ असे म्हणतात. बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळून जावे तसे ते बोलणे वाया गेले, असा त्याचा आशय. मराठीत अशा वेळी आपण पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो. प्राण्यांची पिसे, केस आणि अंगावरचे ठिपके यांवरून इंग्रजीत असे कितीतरी वाक्प्रचार रूढ झाले आहेत. ज्यांनी ते घडवले, ती माणसे कोंबड्या, बदके, कुत्री आणि मेंढ्या यांच्या सहवासात वावरणारी होती, त्यामुळे त्यांचे निरीक्षण सहसा अचूक असते. मात्र त्या निरीक्षणामागचे जे कारण आपण गृहीत धरतो, ते तपासून पाहिले की बऱ्याचदा अपुरे किंवा निराळेच निघते, आणि माझ्या मते या वाक्प्रचारांची खरी गोडी तिथेच आहे.

बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, याचे श्रेय सर्रास तेलाला दिले जाते. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी एक तैलग्रंथी असते आणि तिच्यातला मेणचट स्राव ते चोचीने अंगभर पिसांना लावत असते, हे खरे आहे. परंतु एवढ्याने भागत नाही. मेणाचा थर दिलेल्या गुळगुळीत काचेवर पाण्याचा थेंब साधारण अर्धगोलाच्या आकारात बसतो; पिसावर मात्र तो जवळजवळ पूर्ण गोल राहतो आणि जराशा उतारावरून घरंगळून जातो. हा फरक पडतो तो पिसाच्या बांधणीमुळे. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही अंगांनी बारीक शाखा फुटतात, प्रत्येक शाखेला त्याहून बारीक उपशाखा असतात, आणि एका शाखेच्या उपशाखांवरचे सूक्ष्म आकडे शेजारच्या शाखेच्या उपशाखांत अडकून एक सलग जाळी तयार होते. थेंब टेकतो तो या जाळीच्या तंतूंच्या माथ्यावर. तंतूंमधल्या फटींत हवा कोंडलेली असते, त्यामुळे थेंबाच्या तळाचा बराचसा भाग पिसावर नसून हवेवर असतो आणि पाण्याला पिसाला चिकटायला जागाच उरत नाही. सच्छिद्र पृष्ठभागावर पाणी कसे वागते, याचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर या संशोधकांनी १९४४ मध्ये मांडले आणि त्यात बदकाच्या पिसाचाही विचार केला. पाणी न शोषणारे कापड तयार करायचे असेल, तर नुसते रसायन न शोधता तंतूंची मांडणीही पाहावी लागेल, ही दिशा त्यातून मिळाली.

क्षणभंगुर गोष्टीला आपण अळवावरचे पाणी म्हणतो, आणि अळूच्या पानावरही नेमके हेच घडत असते. तिथे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा असते. दोन भाषांनी त्यातून दोन वेगळे अर्थ घेतले, इतकेच.

पिसाची बांधणी किती महत्त्वाची आहे, हे समुद्रात तेलगळती झाली की फार दुःखद रीतीने दिसून येते. कच्च्या तेलाने उपशाखा एकमेकींना चिकटतात, जाळी विस्कटते, फटींतली हवा निघून जाते आणि थंड पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते. असा पक्षी शरीराची ऊब गमावतो आणि त्याला तरंगत राहणेही जड जाते. अशा पक्ष्यांना वाचवणारे लोक त्यांना साबणाच्या द्रावणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळखळून काढतात. वरून कोणतेही तेल चोपडत नाहीत. पिसे पूर्ण स्वच्छ झाली आणि पक्ष्याने चोचीने ती पुन्हा जुळवली की पाणी आपोआप ठरेनासे होते. सगळ्याच पाणपक्ष्यांना ही देणगी सारखी मिळालेली नाही. आपल्याकडे तलावाकाठी पंख पसरून बसलेला पाणकावळा पुष्कळांनी पाहिला असेल. पाणकावळ्यांच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, त्यातली हवा निघून जाते आणि बुडी मारणे सोपे होते. बाहेर आल्यावर मात्र पंख वाळवत बसावे लागते.

एखाद्याला दुखावणे किंवा अस्वस्थ करणे याला इंग्रजीत त्याची पिसे विस्कटणे म्हणतात, ‘रफल समवन्स फेदर्स’. पक्ष्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. आकडे सुटलेले पीस पाणीही अडवत नाही आणि उडताना हवाही धरत नाही, म्हणून पक्षी दिवसातला बराच वेळ एकेक पीस चोचीतून ओढून आकडे पुन्हा बसवण्यात घालवतात. जमिनीवर पडलेले मोठे पीस मिळाले तर हा प्रयोग कोणालाही करता येतो. पिसाच्या शाखा बोटांनी फाकवाव्यात आणि मग बुडाकडून टोकाकडे दोन-तीनदा हलक्या चिमटीतून न्याव्यात. पडलेली फट बुजून पीस पुन्हा सलग होते. पिसासारखे हलके असे म्हणताना एक गोष्ट मात्र लक्षात येत नाही, ती अशी की अनेक पक्ष्यांत अंगावरच्या सर्व पिसांचे एकत्रित वजन त्यांच्या हाडांच्या सांगाड्यापेक्षा जास्त भरते.

माणसाचा राग चढला की त्याचे ‘हॅकल्स’ उभे राहिले, असे इंग्रजीत म्हणतात. हॅकल्स म्हणजे कोंबड्याच्या मानेवरची लांब, निमुळती पिसे; कुत्र्याच्या मानेवरच्या आणि पाठीवरच्या केसांनाही तोच शब्द वापरतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो आणि त्याच्यावर आपल्या इच्छेचा नव्हे, तर अनुकंपी चेतासंस्थेचा ताबा असतो. थंडी वाजली, भीती वाटली किंवा मन उत्तेजित झाले की हा स्नायू आखडतो आणि केस ताठ होतो. त्यामुळे प्राण्याच्या अंगालगत हवेचा जाड थर धरला जातो आणि तो आहे त्यापेक्षा मोठाही दिसतो. पाठीवरचे केस उभारलेले कुत्रे रागावलेलेच आहे, असा निष्कर्ष म्हणूनच घाईने काढू नये. ते घाबरलेले किंवा नुसते उत्तेजित झालेलेही असू शकते. आपल्या अंगावर काटा येतो तोही याच स्नायूंमुळे. आपले केस इतके तोकडे आहेत की त्यातून ऊब मिळत नाही, तरीही ही यंत्रणा निरुपयोगी म्हणता येणार नाही. उंदरांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की हा स्नायू चेतातंतूला केसाच्या मुळाजवळच्या मूलपेशींपर्यंत पोहोचण्यास आधार देतो, आणि थंडी टिकून राहिली तर त्याच चेतातंतूच्या संदेशामुळे नवे केस उगवू लागतात.

‘मॅड ॲज अ हॅटर’, म्हणजे टोप्या बनवणाऱ्यासारखा वेडा, या वाक्प्रचारात केसांचा उल्लेखही नाही. तरी त्याच्याशी जोडली गेलेली व्यथा सशांच्या आणि बीव्हरच्या केसांचीच आहे. उत्तम प्रतीच्या फेल्ट टोप्या या प्राण्यांच्या मऊ केसांपासून बनत. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब मिळाला की ते एकमेकांत गुंतत जातात आणि न विणताच घट्ट नमदा, म्हणजेच फेल्ट, तयार होतो. सशाचे केस मात्र सहजासहजी गुंतत नाहीत. म्हणून कातड्यांवर पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण ब्रशने लावले जाई, त्याने केसांतील केराटिन या प्रथिनाचे बंध तुटत आणि केस गुंतण्याजोगे होत. वाळवताना केसांची टोके नारिंगी पडत, म्हणून इंग्रजीत या कामाला गाजरावरून नाव पडले होते. पुढे कोंदट कारखान्यांत नमदा वाफवताना आणि दाबताना त्यातला पारा हवेत मिसळे आणि कारागिरांच्या फुप्फुसांत जाई. हात थरथरणे, बोलणे अडखळणे, हिरड्या सुजणे, विनाकारण चिडणे अशी लक्षणे दिसू लागत. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातले डॅनबरी हे टोप्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथे या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’ असेच नाव पडले. फ्रीमन या डॉक्टरांनी न्यू जर्सीतल्या टोपी-कामगारांचा हा आजार १८६० मध्ये नोंदवला होता, तरी अमेरिकेत या कामातला पारा बंद व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. ऐंशी वर्षांची ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. वाक्प्रचाराचा उगम याच आजारात आहे, याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. पाऱ्याच्या विषबाधेत माणूस आक्रस्ताळा होण्यापेक्षा विलक्षण बुजरा होतो, लोकांसमोर काम करणेही त्याला जमेनासे होते; वाक्प्रचारातल्या वेडाशी हे चित्र नीट जुळत नाही.

बिबट्या आपले ठिपके बदलू शकत नाही, हा दृष्टांत बायबलमधील यिर्मयाच्या पुस्तकातला आहे आणि तो शब्दशः खरा आहे. ठिपक्यांचा आराखडा पिल्लू गर्भात असतानाच ठरतो आणि जन्मभर तोच राहतो. रंगाच्या नक्षीमागचे एक संभाव्य गणित ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये मांडले होते : एकमेकांवर परिणाम करणारी दोन रसायने वेगवेगळ्या गतीने पसरली, तर एकसारख्या दिसणाऱ्या ऊतींतही आपोआप पट्टे किंवा ठिपके उमटू शकतात. प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी असते, आणि त्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून बिबटे ओळखून त्यांची संख्या ठरवली जाते, ती याच नक्षीच्या आधारे. काळ्या बिबट्याच्या बाबतीतही हा आधार सुटत नाही. त्याचा काळा रंग एका जनुकातील बदलामुळे येतो, त्याने ठिपके पुसले जात नाहीत, नुसते झाकले जातात. मलाय द्वीपकल्पात जवळजवळ सगळेच बिबटे काळे आहेत. तिथल्या संशोधकांनी कॅमेरे अवरक्त प्रकाशात चालतील असे बदलून घेतले, तेव्हा त्या छायाचित्रांत ठिपके दिसू लागले आणि तिथल्या बिबट्यांचीही मोजणी करता आली.